फोर्ट लॉडरडेलला कॅनलवरचं घर घ्यावं का? फ्लोरिडाकर, जरा मदत करा

ऊनसावली

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, भाड्याने. नवऱ्याची बदली फोर्ट लॉडरडेलला झालीय, माझं काम घरूनच चालतं, लेक आता पहिलीत जाईल, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आत बस्तान हलवायचंय. खरं कारण म्हणजे थंडीला दोघंही विटलोय, बदली हे निमित्त :)

मधे जाऊन घरं बघून आलो आणि डोकंच फिरलं. कुठल्याही गल्लीत वळा, घरामागे पाणी, पाण्याला लागून डॉक, डॉकला बोट. एजंट म्हणाली शहरात १६५ मैलांचे जलमार्ग आहेत, याला अमेरिकेचं व्हेनिस म्हणतात वगैरे वगैरे. लास ओलास आणि रिओ व्हिस्टाच्या किमती बघून नुसतेच हसलो आणि गाडी वळवली, पण रिव्हरलँड भागात एक घर मनात भरलंय. १९५८ सालचं, ३ बेडरूम, बैठं, मागे ८० फूट कॅनल, लाकडी डॉक, २००९ ची कौलांची टाइल रूफ, किचन अगदी नवंकोरं. ९ लाख ४० हजार मागतायत. मागच्या वर्षीचा प्रॉपर्टी टॅक्स फक्त ४६०० दाखवलाय, एडिसनमध्ये मित्र याच्या तिप्पट भरतात म्हणून आम्हाला तर लॉटरीच वाटली.

आता शंका. एजंट म्हणते २०१७ च्या इर्मा वादळातसुद्धा या घरात पाणी आलं नाही, मग घाबरायचं कारण नाही ना? इन्शुरन्सबद्दल लोक फारच भीती घालतात, ते कितपत खरं? आम्ही अजून एच-वन-बी वर आहोत, त्याने काही अडतं का? आणि शेवटचं, हसू नका, सासूबाईंनी फोटो बघून लगेच विचारलं की पाणी कुठल्या दिशेला, मी कंपास लावून बघितलं तर बरोब्बर दक्षिणेला. त्या दिवसापासून व्हिडिओ कॉलवर घराचा विषय निघाला की शांतता.

दर्यावर्दी

बोट आहे का तुमच्याकडे?

ऊनसावली

नाही हो. झालीच तर कयाक घेऊ.

दर्यावर्दी

मग राग मानू नका पण जे विकत घेताय ते तुम्हाला लागतच नाहीये. जाहिरातीत ओशन ऍक्सेस, नो फिक्स्ड ब्रिजेस (वाटेत न उघडणारा पूल नाही) असले शब्द असतात बघा, ८० फूट पाण्याचे जे दोन-तीन लाख जास्त मोजायचे ते या शब्दांचे असतात. पाणी दिसतं म्हणून नाही, मोठी बोट घरामागे बांधता येते म्हणून. ज्याच्याकडे बोट नाही त्याने ते पैसे भरायचे म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकासाठी भरून ठेवायचे.

आणि रिव्हरलँडहून समुद्र म्हणजे काही दार उघडलं की समुद्र नव्हे. न्यू रिव्हरच्या साउथ फोर्कने यायचं, डाउनटाउनच्या तोंडाशी रेल्वेचा पूल, तो खाली असला की पाण्यापासून जेमतेम ४ फूट, मालगाडी आणि वर ब्राइटलाइनच्या प्रवासी गाड्या, पूल उचलेपर्यंत बोटी तिथेच गोल गोल फिरत राहतात. मग एकामागोमाग उघडणारे रस्त्यांचे पूल, मग किनाऱ्याला समांतर इंट्राकोस्टल जलमार्ग, मग १७व्या स्ट्रीटचा पूल, तो चांगला ५५ फूट उंच आहे, आणि मग पोर्ट एव्हरग्लेड्सची खाडी. सगळा रस्ता लाट न उठवता हळू चालवायचा, थंडीत मॅनटी नावाच्या संथ पाणप्राण्यांसाठी आणखी हळू. तासभर तरी धरा. मला आवडतं, रविवारी चहाचा थर्मास घेऊन तेच करतो आम्ही. पण ज्यांना ते करायचं नाही त्यांनी दोन गल्ल्या आत घर घ्यावं आणि कयाक गाडीच्या टपावर टाकून जॉर्ज इंग्लिश पार्कला न्यावी.

कॅनलवर राहायची मजा आहे हे मात्र खरं. संध्याकाळी वारा असतो, पोरं गळ टाकून बसतात, मुलेट मासे उड्या मारत असतात. मी काही हलणार नाही इथून. पण मला बोट आहे.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर

एडिसन सोडून?? ओक ट्री रोडचा देशी बाजार सोडून?? आधी इकडे वडापाव कुठे मिळतो ते विचारा, मग कॅनलकाठची भिंत, म्हणजे सीवॉल, बघा.

वेस्टनकर

पावभाजी, मिळतो हो, आणि नाही मिळाला तर करतो आम्ही.

ऊनसावली, मराठी आणि एकूणच देशी वस्ती समुद्राकडे कमी, पश्चिमेला जास्त. वेस्टन, प्लँटेशन, डेव्ही, पेम्ब्रोक पाइन्स, कूपर सिटी. मंदिरंही तिकडेच, साउथवेस्ट रँचेसला शिव विष्णू मंदिर आहे. शाळांसाठीच म्हणून लोक वेस्टन आणि कूपर सिटीत येतात. आमच्याही घरामागे पाणी आहे, पण ते तळं, भरती नाही, ओहोटी नाही, बोट नाही, सीवॉल नाही. अख्खं वेस्टन एव्हरग्लेड्सच्या काठची दलदल उपसून केलंय, तळी म्हणजे मातीसाठी खणलेले खड्डे आणि पावसाचं पाणी साठवायची सोय, त्यात लोकांना व्ह्यू मिळाला. तोटे पण सांगते, एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, आहे, दरवाजाचा रंगसुद्धा विचारून लावायचा, डाउनटाउनला जायचं तर आय-५९५ वर रोज सकाळी सूर्य डोळ्यात आणि संध्याकाळी परत डोळ्यात. आणि तळ्यात मगर असू शकते हे लेकीला पहिल्या दिवशी सांगायचं, काठावर एकटं जायचं नाही. कॅनलवर मगर क्वचित, पण इग्वाना! आपल्या घोरपडीची हिरवीगार आणि अजिबात न लाजणारी बहीण. जास्वंदीची सगळी फुलं खाते, देवाला एक ठेवत नाही.

रेवदंडा

इग्वानाचा विषय निघालाच आहे तर तिथूनच सुरू करतो. जास्वंद गेली तर परत येईल हो, पण इग्वाना सीवॉलच्या मागे बिळं करते, त्यातून माती पाण्यात जाते, आणि एक दिवस हिरवळीत खड्डा पडतो. तुम्ही घर बघायला गेलात तेव्हा किचन बघितलंत. भिंत बघितली का? घराची नाही, पाण्याची.

मी गावचा रेवदंड्याचा, त्यामुळे भरती-उधाण लहानपणापासून माहितीये, आणि नोकरीने सिव्हिलवाला, इथेच ब्रॉवर्ड काउंटीत, म्हणजे फोर्ट लॉडरडेलच्याच काउंटीत. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

हे कॅनल काही निसर्गाने दिलेले नाहीत. १९२० च्या दशकात जमिनीचा धंदा तेजीत होता तेव्हा चार्ल्स रोड्स नावाच्या माणसाने इथे खारफुटीत चर खणले आणि निघालेला गाळ दोन्ही बाजूला टाकून बोटांसारख्या जमिनी केल्या, म्हणजे प्रत्येक प्लॉटला पाणी मिळालं आणि भाव चढला. १९२६ च्या वादळाने ती तेजी पार झोपवली, पण पद्धत तीच राहिली आणि पन्नास-साठच्या दशकात अशीच खणून पुढच्या वसाहती झाल्या. म्हणजे तुम्ही जी जमीन घेताय ती मुळात भराव आहे आणि फार उंच नाही. त्याखाली चुनखडी, स्पंजसारखी सच्छिद्र, त्यामुळे पाणी नुसतं भिंतीवरून येतं असं नाही, खालून पण येतं, ड्रेनमधून उलटंही येतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर अमावास्या-पौर्णिमेला इथे मोठं उधाण असतं, किंग टाइड म्हणतात, आकाश निरभ्र, ऊन पडलेलं, आणि गल्लीत घोट्याएवढं खारं पाणी. शहराने ड्रेनना झडपा बसवल्यात, खूप ठिकाणी फरकही पडलाय. तरी माझं सांगणं, जमलं तर ऑक्टोबरच्या उधाणाला गाडी घेऊन त्या गल्लीत जा. नाही जमलं तर गाड्यांच्या चाकांचे नट आणि मेलबॉक्सचे खांब बघा, खाऱ्या पाण्याचा गंज लपत नाही.

आता भिंत. ब्रॉवर्ड काउंटीने २०२० मध्ये नियम केलाय की २०५० पर्यंत भरतीच्या पाण्याला लागून असलेल्या भिंती ठरलेल्या पातळीच्या वर ५ फूट हव्यात, २०३५ पर्यंत ४ फुटांची चालते पण पुढे ५ पर्यंत वाढवता येईल अशी बांधलेली हवी. लगेच उद्या कुणी तोडायला सांगत नाही. पण भिंत दुरुस्तीला निघाली, किंवा तुमच्या भिंतीवरून पाणी शेजाऱ्याकडे नाहीतर रस्त्यावर जायला लागलं, की नोटीस येते आणि वर्षाच्या आत काम करून द्यायचं असतं. माझ्या ओळखीत जी कामं झाली ती फुटाला हजार-दीड हजार डॉलर आणि वर. तुमचे ८० फूट. करा गुणाकार. डॉक काढून परत बसवायचा खर्च वेगळा.

होम इन्स्पेक्टर भिंत बघत नाही, तो फार तर फोटो काढेल. मरीन कॉन्ट्रॅक्टर बोलवा, ओहोटीला बोलवा, पाण्यात उतरून बघणारा हवा. वरच्या काँक्रीटच्या कॅपला लांब भेग, भेगेतून तांबडा गंज, मागच्या हिरवळीत खळगे, भिंत पाण्याकडे झुकलेली, यातलं काही दिसलं तर किंमत परत बोला. भिंत कधीची, परमिट आहे का, हे शहराच्या साइटवर पत्ता टाकून बघता येतं. किचनचं परमिट पण त्याच वेळी बघून घ्या, कारण खाली सांगतो.

इर्माचं म्हणाल तर ते वादळ पश्चिम किनाऱ्याने गेलं, मार्को आयलंडला धडकलं. तेव्हा ब्रॉवर्डमध्ये झाडं पडली, वीज गेली, पण पाण्याची परीक्षा झालीच नाही. परीक्षा झाली १२ एप्रिल २०२३ ला. वादळ नाही, नाव नाही, नुसता पाऊस, फोर्ट लॉडरडेल विमानतळावर एका दिवसात साधारण २६ इंच. मिलिमीटरमध्ये साडेसहाशेच्या आसपास. मुंबईच्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ झाला होता, म्हणजे अंदाज येईल. विमानतळ बंद, एजवूडमध्ये लोकांना होड्यांतून काढलं, आणि एजवूड तुमच्या रिव्हरलँडपासून काही लांब नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यातले कितीतरी कॅनलवरचे नव्हतेच. म्हणून दर्यावर्दी जे दोन गल्ल्या आत म्हणतायत त्यात एक सुधारणा, आत गेलं म्हणजे कोरडं असं नाही. उंची बघायची. विकणाऱ्याला त्या तारखेचं नाव घेऊन विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून फ्लोरिडात विकणाऱ्याने पुराबद्दलचा फॉर्म भरून द्यावाच लागतो, तो मागा, आणि तरी शेजारच्या आजोबांशी गप्पा मारा. इकडचे म्हातारे फार मोकळे असतात, कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत.

किचनचं कारण: पूरक्षेत्रातल्या जुन्या घरांना ५० टक्क्यांचा नियम आहे. जोत्याची उंची आत्ताच्या नियमापेक्षा कमी असेल, आणि दुरुस्ती किंवा नूतनीकरणाचा खर्च इमारतीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर अख्खं घर नव्या नियमात बसवायचं, म्हणजे उचलायचं नाहीतर पाडायचं. इमारतीच्या, जमिनीच्या नाही! तुमच्या ९ लाख ४० मध्ये बहुतेक सगळी जमीन आणि पाणी आहे, १९५८ च्या चार भिंतींची किंमत समजा अडीच लाख निघाली तर तुमची मर्यादा सव्वा लाख. एखाद्या वादळाने छप्पर आणि आतलं सामान गेलं की तेवढे सहज होतात. एलिव्हेशन सर्टिफिकेट मागा, त्यात जोतं किती फुटांवर ते असतं. नसेल तर सर्व्हेयरकडून करून घ्या, घराच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

ऊनसावली

बापरे. रेवदंडा, तुमचं दोनदा वाचलं, नवऱ्याला पण वाचून दाखवलं. किचनकडेच बघत होतो हो आम्ही, बरोबर ओळखलंत. एलिव्हेशन सर्टिफिकेटचं आजच एजंटला लिहिते.

आकडेमोड

टॅक्सबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ते ४६०० तुमचे नाहीत, विकणाऱ्याचे आहेत.

फ्लोरिडात स्वतः राहत्या घराला होमस्टेड नावाची टॅक्सची सवलत मिळते, आणि ती मिळाली की टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के वाढते, महागाई कमी असेल तर तेवढीच. तो माणूस त्या घरात वीस-पंचवीस वर्षं राहत असणार, बाजारभाव कुठल्या कुठे गेला आणि त्याचा टॅक्स तिथेच. घर विकलं की पुढच्या १ जानेवारीला किंमत परत बाजारभावाला येते. तुम्ही साधारण घेतल्या किमतीच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास धरून चाला, म्हणजे १६-१७ हजार. ब्रॉवर्डच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या साइटवर नव्या मालकासाठीचं कॅल्क्युलेटर आहे, पत्ता टाका, किंमत टाका, नेमकं कळेल.

खरी गंमत पुढे आहे. यावर्षी घेतलं तर यावर्षीचं बिल जुन्याच किमतीवर येतं, सगळे खूश, बँक पण एस्क्रो (टॅक्स-विम्यासाठी हप्त्याबरोबर घ्यायचे पैसे) त्याच हिशोबाने कापते. पुढच्या वर्षी खरं बिल येतं, एस्क्रोत खड्डा पडतो, आणि बँक मागचा खड्डा आणि पुढचं वाढीव असं दोन्ही एकदम हप्त्यात घालते. माझ्या ऑफिसात दरवर्षी कुणीतरी नवीन माणूस जानेवारीत लाल चेहरा करून येतो. तेव्हा पहिल्या वर्षीचे वाचलेले बाजूला काढून ठेवा, सुट्टीवर उडवू नका.

एच-वन-बी: घर घ्यायला अडत नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडाने काही देशांच्या लोकांना जमीन घ्यायला बंधनं घातली, चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया, क्यूबा, व्हेनेझुएला, सीरिया, त्यात भारत नाही. क्लोजिंगला एक प्रतिज्ञापत्र सही करायला देतील की आम्ही त्यात येत नाही, घाबरू नका, सगळ्यांनाच देतात. होमस्टेडचं मात्र अडू शकतं, कारण टेंपररी व्हिसावाल्याचं कायमचं घर इथे आहे असं मानत नाहीत. पण लेक इथे जन्मलीय ना? मग वाट आहे. गार्सिया विरुद्ध अँडोनी म्हणून फ्लोरिडा सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा निकाल आहे, आईबाप टेंपररी व्हिसावर, मुलं अमेरिकन नागरिक आणि त्याच घरात कायमची राहणारी, तर त्यांच्या जोरावर सवलत मिळाली. अर्ज १ मार्चच्या आत. काउंटरवरचा माणूस आधी नाहीच म्हणण्याची शक्यता आहे, निकालाचं नाव कागदावर लिहून न्या, आणि एखाद्या वकिलाला एकदा कागद दाखवा. होमस्टेड नाही मिळालं तर मर्यादा ३ ऐवजी १० टक्के, आणि फरक दहा वर्षांत प्रचंड होतो.

ब्रॉवर्डची रीत अशी की डीडवरचा स्टँप ड्यूटीसारखा कर विकणारा भरतो आणि टायटल कंपनी (मालकीचे कागद तपासणारी) घेणारा निवडतो, टायटल इन्शुरन्स पण त्याचाच. कर्जावरचे दोन छोटे कर तुमचे, शेकडा ३५ सेंट आणि वर ०.२ टक्के. क्लोजिंगचा अंदाज मागताना हे सगळं आलंय का बघा.

पश्चिम_किनारा

एवढ्या पैशात फोर्ट लॉडरडेलला १९५८ चं घर? आमच्या केप कोरलला या. ४०० मैलांहून जास्त कॅनल आहेत, जगात कुठल्याच शहरात एवढे नाहीत म्हणतात, आणि याच किमतीत नवं घर, स्विमिंग पूलसकट.

दर्यावर्दी

आणि नवऱ्याने रोज एव्हरग्लेड्स ओलांडून ऑफिसला यायचं का? अडीच तास एका बाजूने.

शिवाय केप कोरलला पण कुठला कॅनल ते बघावं लागतं, अर्ध्याहून जास्त गोड्या पाण्याचे आहेत, समुद्राला मिळतच नाहीत, बोट त्यातल्या त्यात फिरवा. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळ कुठे आलं होतं ते पण सांगा की.

पश्चिम_किनारा

इयन आलं होतं, मान्य. नवीन बांधकामं टिकली, जुनी बैठी घरं गेली, म्हणून तर नवं घ्या म्हणतोय. ऑफिसचं मात्र वाचलंच नव्हतं मी.

काहीतरीच

काँडो, म्हणजे फ्लॅट, का नाही घेत? बीचवर, वरच्या मजल्यावर, ना सीवॉल ना इग्वाना.

आकडेमोड

मायामीजवळच्या सर्फसाइडची काँडो इमारत २४ जून २०२१ ला पडली, ९८ माणसं गेली, त्यानंतर कायदा बदलला. ३ मजले आणि वरच्या इमारतींना ३० वर्षांनी, किनाऱ्याजवळ २५ नेसुद्धा, तपासणी, आणि रचनेच्या दुरुस्तीसाठी राखीव निधी भरायलाच हवा, पूर्वीसारखं मतदान करून टाळता येत नाही. जुन्या काँडोत महिन्याचा मेंटेनन्स दुप्पट झालेले लोक माहितीयेत मला. किंमत खाली दिसते त्याचं कारण तेच. वाईट नाही, पण असोसिएशनची राखीव निधीची स्टडी आणि मीटिंगांची मिनिट्स वाचल्याशिवाय नको. तिकडे सीवॉल पण असतेच, फक्त बिल सगळ्यांत वाटून येतं.

मोगरा_आणि_मोजमाप

वास्तूचं कुणी मनावर घेतलं नाही म्हणून मीच लिहिते, माझं माहेर यातलंच आहे. दक्षिणेला पाणी नको म्हणतात हे खरं, सासूबाई उगाच बोलत नाहीयेत. पण कॅनल तुमच्या प्लॉटच्या हद्दीबाहेर आहे, मधे भिंत आहे, आणि ईशान्येला काही करता येईल का ते बघता येतं, सरसकट नाही म्हणायचं कारण नाही. आणि खरं सांगू का, भिंतीत भेग आणि हिरवळीत खळगा असेल तर वास्तुशास्त्रही नाहीच म्हणेल. सासूबाईंना रेवदंडा यांची पोस्ट वाचून दाखवा, त्या आणि ते एकाच बाजूला निघतील बघा.

आणि हो, गणपती मागच्या मागे कॅनलमध्ये विसर्जन करायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर काढून टाका. बादलीत शाडूचा, आणि ते पाणी जास्वंदीला.

वेस्टनकर

जास्वंदीला म्हणजे इग्वानालाच :)

पॉलिसीवाली

उशिरा आले, दिवसभर याच कामात असते म्हणून संध्याकाळी कंटाळा येतो वाचायचा. इन्शुरन्सवर लिहिते.

लोक भीती घालतात ती खोटी नाही, पण घराघरात फरक असतो, त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा ऐकून काहीच ठरवू नका. या घराच्या पत्त्यावर कोट घ्या, ऑफर मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, इन्स्पेक्शनची मुदत चालू असताना. जुन्या घराला फोर-पॉइंट तपासणीचा रिपोर्ट लागतो, छप्पर, वायरिंग, नळ, एसी. १९५८ म्हणजे खाली बिडाचे पाइप असणार, कॅमेरा घालून बघायला सांगा, आतून गंजून चाळणी झालेले निघतात. विंड मिटिगेशनची तपासणी पण त्याच फेरीत करून घ्या, छप्पर भिंतीला कशाने बांधलंय, सगळ्या खिडक्या इम्पॅक्टच्या, म्हणजे वादळात टिकणाऱ्या काचेच्या, आहेत का, यावर सूट ठरते. सगळ्या म्हणजे सगळ्या हं, गॅरेजचं दार राहिलं तरी सूट जाते. ब्रॉवर्ड आणि मायामी-डेड या दोन काउंटीत वाऱ्याचे नियम राज्यात सगळ्यात कडक आहेत, १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतरचे, म्हणून २००९ ची टाइल रूफ ही या घराची चांगली बाजू आहे. तरी पंधरा वर्षांवर झालंय, छप्पर अजून किती वर्षं टिकेल त्याचा दाखला कंपनी मागेल, तो रूफरकडून आधीच करून घ्या.

हरिकेनचा डिडक्टिबल टक्क्यात असतो, बहुतेक २ टक्के, आणि तो क्लेमच्या नाही, घराच्या विमा रकमेच्या. ४ लाखांचा विमा असेल तर पहिले ८ हजार तुमचे. तेवढे कायम बाजूला हवेत. खासगी कंपनीने नाही म्हटलं तर सरकारी विमा कंपनी सिटिझन्स आहे, पण त्यांच्याकडे गेलात तर फ्लड पॉलिसी सक्तीची होत चाललीये, पूरक्षेत्रात असलात तर आत्ताच, आणि १ जानेवारी २०२७ पासून सगळ्यांना.

फ्लड वेगळी पॉलिसी, घराच्या विम्यात पूर येत नाही, हे माहीत असेलच. केंद्र सरकारच्या योजनेत इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानाला १ लाख. ब्रॉवर्डचे नवे फ्लड मॅप २०२४ मध्ये लागू झालेत, जुन्या लिस्टिंगमध्ये एक्स झोन (पुराचा धोका कमी) लिहिलेलं असेल तर परत तपासा. आणि घर एक्स झोनमध्ये असलं तरी पॉलिसी घ्या, रेवदंडा यांनी एप्रिल २०२३ चं लिहिलंय तेवढं पुरे.

ऊनसावली

एलिव्हेशन सर्टिफिकेट आलं. विकणाऱ्याकडे होतं, एजंटने कधी मागितलंच नव्हतं. झोन एई आहे, म्हणजे पूरक्षेत्र, आणि जोतं लागतं त्यापेक्षा दीड फूट खाली. त्याची फ्लड पॉलिसी चालू आहे, वर्षाला ११०० भरतोय. मी कोट मागितलं तर मला ४ हजारांच्या वर. घर तेच, पाणी तेच, हे कसं काय?

पॉलिसीवाली

२०२१ पासून किमती काढायची पद्धत बदलली. जुन्या पॉलिसीवाल्याला एकदम उडी नको म्हणून राहत्या घराला वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त वाढवत नाहीत, तो हळूहळू चढतोय, तुम्ही नवीन म्हणून तुम्हाला थेट वरची पायरी. पण ती पॉलिसी तुमच्या नावावर करून घेता येते, आणि त्याची सवलत पण बरोबर येते. तुम्हीही तिथे राहणारच आहात, त्यामुळे तिथूनच पुढे १८ टक्क्यांनी चढेल. क्लोजिंगच्या आधी त्याच्या एजंटकडे असाइनमेंटचा फॉर्म भरायचा, दोघांच्या सह्या. त्याने क्लोजिंगच्या दिवशी पॉलिसी रद्द करून पैसे परत घेतले की संपलं, मग कुणी काही करू शकत नाही. तेव्हा आजच एजंटला सांगा की ऑफरमध्येच एक ओळ घाला, विकणारा फ्लड पॉलिसी रद्द करणार नाही, घेणाऱ्याच्या नावावर करून देईल. आणि सीवॉलवाला कधी येतोय?

ऊनसावली

गुरुवारी, ओहोटी सकाळी साडेनऊला आहे. तो येईपर्यंत ऑफर टाकत नाही.